गोणपाटातली देवी

आमच्या घरी देवी राहायला आली ती सरकारी कामापायी. आम्ही बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मेणबत्त्या लावायची फळी, एवढंच आमच्या घरातलं धर्माचं सामान. नवस, अंगारे, उपास यांना आमच्या उंबऱ्याच्या आत थारा नव्हता. आणि तरी होळी होऊन गेल्यावर एका दुपारी वडील खोपटच्या एसटी डेपोमागच्या आमच्या चाळीपाशी रिक्षातून उतरले, ते गोणपाटात गुंडाळलेला एक जड दगड पोटाशी धरून. वाटेत गोणपाट सरकलं होतं आणि आतला शेंदूर रिक्षावाल्याला दिसला होता. त्याने भाडं घेतलं नाही. गोणपाटाला नमस्कार केला आणि रिक्षा वळवून निघून गेला. दगडाच्या वजनापेक्षा वडिलांना त्या नमस्काराचाच जास्त त्रास झालेला मी पाहिला.

मी तेव्हा कॉलेजात होते. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आज आई नाही, वडीलही नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे. ते असते तर दोघांनीही, आपापल्या कारणांनी, मला लिहू दिलं नसतं.

वडील रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. खात्याचं नाव सांगत नाही, कुठल्याही खात्यात हेच झालं असतं. सरकारला धर्म नसतो, ही गोष्ट त्यांनी इतकी मनावर घेतली होती की मला कधीकधी त्यांची कीव यायची. कारण ज्या कचेरीत ते रोज जात तिथे श्रावणात सत्यनारायण असायचा, दसऱ्याला रोडरोलरला झेंडूचा हार पडायचा, नवं काम नारळ फुटल्याशिवाय सुरू व्हायचं नाही, आणि साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली तीन तरी देव दाटीवाटीने बसलेले असायचे. सत्यनारायणाची पोथी सुरू झाली की वडील खाली टपरीवर चहाला जात. परत येईपर्यंत त्यांच्या टेबलावर कागदात बांधलेला शिरा ठेवलेला असे. तो ते शिपायाला देऊन टाकत. "अहो, शिऱ्याने काय बाटणार आहात का?" असं कोणीतरी हसत विचारायचंच. वडील म्हणायचे, "बाटायचं काय त्यात, मला गोड चालत नाही." घरी मात्र ते साखरेच्या डब्यातून चमच्याने साखर खायचे.

रस्त्यावर काम करणाऱ्या गँगमधल्या माणसांशी मात्र त्यांचं छान जमे. त्यांचा नारळ त्यांच्यापाशी, माझा टेप माझ्यापाशी, असं ते म्हणत. ती माणसं नारळ फोडेपर्यंत वडील लांब उभे राहून दुसरीकडे बघत, मग माप घ्यायला पुढे होत. अशी बरीच वर्षं निभावली होती.

मग खाडीकडचा रस्ता रुंद करायचं काम त्यांच्याकडे आलं. कोळीवाड्याच्या तोंडाशी करंजाच्या झाडाखाली गावदेवी होती. देऊळ म्हणावं असं काही नव्हतं. विटांचा चौथरा, वर पत्रा आणि आत तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेला, पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून गोल झालेला दगड. नकाशावर तो चौथरा नव्या रस्त्याच्या बरोबर मधे येत होता.

कोळ्यांनी भांडण केलं नाही. रस्ता त्यांनाही हवा होता, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन नौपाड्याच्या बाजाराला निघालेल्या बायकांना चिखल तुडवत यावं लागे. देवी पलीकडे, बोटी लागतात त्या धक्क्याजवळ न्यायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच होती. तिला आधी विचारायचं. म्हणजे कौल लावायचा: दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवायची, मनात प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"मग लावा ना," वडील म्हणाले.

देवीचं सगळं बघणारी एक म्हातारी कोळीण होती. कपाळावर हिरवं गोंदण, कानात सोन्याच्या जड कुड्या. ती म्हणाली, "आमी कशाला? ज्याचं काम हाय त्यानं इचारायचं. बोट आमची असल तर आमी इचारतो. रस्ता सरकारचा. मंग सरकारनं इचारायचं."

आणि त्या साइटवर सरकार म्हणजे माझे वडील.

दीक्षा घेताना आपल्या लोकांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्यांतली पहिलीच देवांपुढे हात न जोडण्याविषयीची आहे. वडिलांनी ती तरुणपणी, कळत्या वयात, आपल्या तोंडाने उच्चारली होती. ते साहेबांकडे गेले. साहेब नौपाड्यातले, जानव्याचे, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, दोन फुलं चिकटवायची आणि उभं राहायचं. एवढा काय बाऊ करता?" वडील म्हणाले, "मग साहेब, तुम्ही चला. तुमची तर श्रद्धाही आहे." साहेबांनी काचेखालच्या देवांकडे पाहिलं. गावदेव्या फार कडक असतात, उलट काही झालं तर घरादाराला भोगावं लागतं, आणि शिवाय साइट तुमची आहे, असं म्हणून त्यांनी फाइल पुढे सरकवली. जमत नसेल तर पोलीस मागवू, हेही सांगितलं. त्या दिवसांत देवळा-मशिदीचा नुसता विषय निघाला तरी पोलिसांची गाडी आधी येऊन उभी राहायची. वडिलांना तेवढं नको होतं. काठ्या कोणावर पडणार हे त्यांना ठाऊक होतं.

पुढचं मला म्हातारीनेच पुढे कधीतरी सांगितलं. वडील तिच्याकडे एकटे गेले. ती जाळ्याची गाठ मारत बसली होती. हे तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, मी बौद्ध आहे. मला देवीला विचारता येत नाही. मी तुम्हाला विचारतो. नेऊ का?" म्हातारी म्हणाली की इतक्या वर्षांत सरकारी माणूस आमच्यासमोर खाली बसलेला मी पहिल्यांदाच बघितला. मग तिने बराच विचार करून त्यांना नियम सांगितला. कौलाशिवाय उचललीत तर कौलाशिवाय बसवता यायची नाही. कौल मागेपर्यंत ती गावाची नाही. जो उचलेल त्याच्याकडे तिने राहायचं.

वडिलांना वाटलं, सुटलो. उचलून खात्याच्या गुदामात ठेवायची, पुढचं पुढे. गँगमधला एकही माणूस हात लावायला तयार होईना, तेव्हा त्यांनीच बाह्या वर केल्या आणि उचलली. पण गुदामाचा कारकून डांबराच्या पिंपांमध्ये देवी ठेवून घेईना. "रोज दिवा कोण लावणार? माझी पोरं लहान आहेत, ओव्हरसियरसाहेब." असं करत ती आमच्याकडे आली. या देशात सरकारला धर्म नसतो हे खरं असेल, पण सरकारला भीती असते, आणि ती भीती त्या दुपारी आमच्या एका खोलीत आणून ठेवण्यात आली.

आई शिवणकाम करायची. दाराजवळ तिचं मशीन आणि समोर कपाट. कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीवर वडिलांनी देवी ठेवली, गोणपाट नीट ओढून घेतलं आणि म्हणाले, "ही देवी नाही. सरकारी मालमत्ता आहे. आठवड्याभरात जाईल."

आई मशीनवरून उठून भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती. भांड्याला भांडं लागावं तसे तिचे दात वाजत होते. बाहेर उन्हाळा सुरू झाला होता.

वडील कामावर गेल्यावर तिने मला पहिल्यांदा ते सांगितलं. तिचं माहेर देशावर, नदीकाठी. दीक्षा घेतली त्या वर्षी ती लहान मुलगी होती. वस्तीतल्या प्रत्येक घरातून देव बाहेर निघाले, टाक, म्हणजे बोटाएवढ्या पत्र्यावर ठोकलेले देव, आणि शेंदराचे लहान-मोठे दगड. सगळे एका टोपलीत गोळा झाले. मोठी माणसं घोषणा देत होती, आनंदाने रडत होती, पण टोपली उचलायला कोणाचे हात होईनात. शेवटी ती आईच्या डोक्यावर दिली. लेकरू आहे, लेकराला दोष लागत नाही, असं तिची आजी म्हणाली. गुडघाभर पाण्यात जाऊन आईने टोपली पालथी केली.

"वाईट नाही वाटलं," आई म्हणाली. "सगळे म्हणत होते आता आपण माणसं झालो, आणि ते खरंच होतं. पण पाणी नितळ होतं गं. दुसऱ्या दिवशी घागर भरायला गेलो तर तळाशी दिसत होते. वर बघत. आम्हाला दुसरा पाणवठा कुठे होता? तिथेच घागर बुडवायची. तेच पाणी प्यायचं. पूर येईपर्यंत, पुढच्या पावसाळ्यापर्यंत."

एवढं बोलून तिने मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. त्या दिवशी तिला तो ओवता आला नाही, मी ओवून दिला.

आठवडा गेला, महिना गेला. फाइल साहेबांच्या टेबलावरून कुठेतरी वर गेली आणि तिथेच राहिली. चाळीत बातमी पसरली होतीच. ज्या वहिनी वर्षानुवर्षं आईकडे ब्लाऊज शिवायला टाकत आणि पाणी विचारलं की "आत्ताच घेतलं हो" म्हणत, त्या वहिनी आता चपला लांब काढून, पदर डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभ्या राहू लागल्या. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी खणनारळ. मला इतका संताप आला की मी एकदा नारळ घेतला आणि त्यांच्यासमोर गॅलरीच्या कठड्यावर फोडून खोबरं पोरांना वाटून टाकलं. आई ओरडली माझ्यावर. विहारातली माणसंही येऊन गेली. ती बिचारी चांगलीच होती, पण त्यांची नजर कपाटाकडे जायची आणि मग आईच्या तोंडाकडे. "ताई, दिवाबिवा लावत नाही ना तुम्ही?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. आई म्हणाली, "नाही." एका बाजूचे लोक दिवा लागण्याची वाट बघत होते, दुसऱ्या बाजूचे तो लागू नये म्हणून पहारा देत होते, आणि दिवसभर त्या खोलीत त्या दगडासोबत एकटी बसायची ती आई.

ती खरंच दिवा लावत नव्हती. मी साक्षीदार आहे. पण खोलीत काहीतरी बदललं होतं आणि ते मलाही कळत होतं. तेल, शेंदूर आणि खाडीच्या चिखलाचा एक मिसळलेला वास असायचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवूनही जायचा नाही. कॉलेजातून आल्यावर मी कुलूप उघडायचे आणि "आई" म्हणून हाक मारायचे, आणि मग लक्षात यायचं की कुलूप होतं म्हणजे आई बाजारात गेली आहे. कुलूप उघडताना कधीही मला वाटलं नाही की खोली रिकामी आहे. देव नसतो हे मला पाठ होतं, वादात मी कोणालाही हरवू शकत होते, आणि तरी कपडे बदलायला मी शेजारच्या मैत्रिणीकडे जाऊ लागले.

एप्रिलच्या उकाड्यात शेंदूर पाघळला. गोणपाटातून एक लाल ओघळ फरशीवर उतरला आणि आईच्या मशीनच्या पायडलपर्यंत गेला. आईने पुसला, दुसऱ्या दुपारी पुन्हा तिथपर्यंत आला. वडील म्हणाले, "फरशीला उतार आहे." त्यांचं आयुष्य उतार मोजण्यात गेलं होतं, म्हणून मी गप्प बसले. ते गेल्यावर त्याच जागी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाणी उलट दिशेला, मोरीकडे गेलं. मी ते वडिलांना सांगितलं नाही. आईला सांगायची गरज नव्हती, ती मशीनवर बसून बघत होती.

हळूहळू आईचे दात वाजायचे थांबले. फरशी पुसताना ती गोणपाटाजवळ आली की म्हणायची, "जरा सरक." कात्री पडली की, "घाबरलीस?" मी विचारलं, कोणाशी बोलतेस? ती म्हणाली, "कोणाशी नाही. तोंडाला सवय." पूर्वी तिची दुपार मशीनच्या आवाजात जायची. आता मधेच मशीन थांबायचं आणि ती काहीतरी हळू आवाजात सांगत असायची, माहेरचं, माझ्या आधी होऊन गेलेल्या बाळाचं, जे मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. दाराबाहेर चपला काढता काढता मी ते ऐकायचे आणि आत जायला माझा पाय उचलायचा नाही.

म्हातारी कोळीण अधूनमधून यायची. पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून, आत येऊन कपाटाशी बसायची. आई तिला चहा द्यायची, ती बशीत ओतून प्यायची. ती आमच्याकडचं सगळं खायची, प्यायची, तिला त्याचं काही नव्हतं. गोणपाटावर हात ठेवून ती गावातल्या बातम्या सांगायची, कोणाची सून आली, कोणाचं जाळं फाटलं. जाताना आईला म्हणायची, "बाय, हिला नीट बघतंस तू." आई म्हणायची, "मी काही करत नाही हो मावशी. नुसती असते इथे."

"तेच त," म्हातारी म्हणायची.

आता वर्तमानपत्रात वाचते, कुठल्या देशात सरकार लोकांना अमुकच प्रार्थना करा म्हणतं, कुठे करू नका म्हणतं, कुठे बायकांच्या डोक्यावरचा कपडा ओढून काढतात तर कुठे बळजबरीने घालायला लावतात. शहाणी माणसं त्यावर पानंच्या पानं लिहितात. राज्य आणि धर्म यांच्यात भिंत हवी की खिडकी हवी असे वाद घालतात. मला दर वेळी आमची खोली आठवते. तिथे कोणीही कोणावर बळजबरी केली नव्हती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. तरीही एक बाई त्यात सापडली होती, आणि ती काय मानते हे तिला कोणी विचारलं नव्हतं, तिला फक्त दिवा लावतेस का एवढंच विचारत होते.

श्रावण लागला तेव्हा म्हातारी घाईने आली. या वेळी ती बसली नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर बोटी बाहेर पडतात, पण त्याआधी गावदेवीची ओटी भरावी लागते. देवीच नाही तर ओटी कोणाची भरणार? गावातले तरुण म्हणत होते, जाऊ दे, नवीन मूर्ती आणू. म्हातारे नाही म्हणत होते. बोटी धक्क्याला बांधलेल्या होत्या. एका घरात चूल पेटायची पंचाईत झाली होती, आणि ती नेमकी म्हातारीच्या धाकट्या लेकाच्या घरची होती.

वडील त्या दिवशी घरीच होते. म्हातारी त्यांना म्हणाली, "साहेब, तुमचा नेम मना ठावं हाय. तुमी नका लावू कौल. पन ही तुमच्या घरात रायली. तुमच्या बायकोचा हात चालल. सरकारची बायको, ती बी सरकारच."

वडील खुर्चीवर बसले होते ते उठून उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "म्हणजे तुमची प्रतिज्ञा राहावी म्हणून आईने तिची मोडायची? हा कुठला न्याय, बाबा?" मी ओरडलेच. वडिलांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कोणीतरी चारचौघांत कानाखाली मारली आहे.

आई म्हणाली, "तू गप बस गं. मला कोणी सांगितलेलं नाही."

मग वडील म्हणाले, "तू कर म्हणून मी सांगणार नाही. करू नकोस असंही सांगणार नाही. मला कोणी सांगितलेलं चालत नाही, तर मी तुला कसं सांगू?" आणि ते बाहेर गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

म्हातारीने गोणपाट बाजूला केलं. इतक्या महिन्यांत मी देवी पहिल्यांदाच पूर्ण पाहिली. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता लाल गोलावा. तरी आपल्याकडे बघतेय असं वाटायचं थांबेना. म्हातारीने ओंजळीतून दोन तगरीच्या कळ्या काढून आईला दिल्या आणि समजावलं: ओठ हलवायचे नाहीत, मनातच इचारायचं. "धक्क्याजवळची जागा चालल का, येवढंच इचार. उजवी पडली का सुटलो सगली."

आईने देवीसमोर बसून पाण्यात कळ्या बुडवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवली. हात जोडले नाहीत. हात तिने मांडीवर ठेवले, मशीनवर बसताना ठेवायची तसेच. आणि ती त्या दगडाकडे बघत राहिली.

डेपोमधल्या गाड्यांचे आवाज येत होते. कोणीतरी खाली कपडे धूत होतं. मला वाटलं, या कळ्या कधी पडणारच नाहीत, ओलसर हवेत शेंदूर चिकट झाला आहे. मग उजवी कळी थोडी सरकली, थांबली, आणि गळून आईच्या पदरात पडली.

म्हातारीने मोठ्याने देवीचा गजर केला. ती रडू लागली, आईच्या गालांवरून हात फिरवून तिने बोटं मोडली. चाळीतल्या बायका धावत आल्या. संध्याकाळी कोळीवाड्यातून माणसं आली, ढोल आणि ताशे घेऊन, लाल टोप्या घालून. त्यांनी देवीला नवीन साडीच्या घडीवर ठेवलं आणि डोक्यावर घेऊन निघाले. जाताना म्हातारीच्या लेकाने वडिलांना मिठी मारली. वडील हसले, अवघडून. सगळे आनंदात होते. साहेबांनीही दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ थोपटली म्हणे.

आई मशीनवर बसली होती. तिने पदरात पडलेली कळी अजून झटकली नव्हती. मला वाटलं, प्रतिज्ञा मोडल्याचं मनाला लागलंय. म्हणून मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "सुटलीस ना आई." पुढे पुष्कळ दिवस ती दुपारी मशीन मधेच थांबवायची, तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. ते बघवायचं नाही. खोलीतला वास गेला होता, आणि कुलूप उघडल्यावर खोली आता रिकामी वाटायची.

वडील निवृत्त झाल्यावर आम्ही डोंबिवलीला आलो. रस्ता झाला, खाडीकडे इमारती उठल्या, गावदेवीचं संगमरवरी देऊळ झालं आणि त्यावर एका पुढाऱ्याची पाटी लागली. आई शेवटपर्यंत संध्याकाळी बुद्धवंदना म्हणत होती, एकही दिवस चुकवला नाही. कौलाचा विषय आमच्या घरात कोणी काढत नसे. वडील त्यानंतर आईशी बोलताना आवाज चढवायचे थांबले होते, एवढाच काय तो फरक.

मी नोकरीला लागल्यानंतरची गोष्ट. एका रविवारी दुपारी आई आणि मी मटार सोलत बसलो होतो. वडील आतल्या खोलीत झोपले होते. मी सहज विचारलं, "आई, तेव्हा मनात नेमकं कसं विचारलं होतंस गं? देवीशी कुठल्या भाषेत बोलायचं असतं?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"जागेचं मी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"मग?"

"राहतेस का, म्हटलं. माझ्याकडे. दिवा लावणार नाही, हात जोडणार नाही, नुसती दोघी राहू."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. उजवी कळी पडताना मी स्वतः पाहिली होती.

"ती हो म्हणाली होती, आई. मग तू बोलली का नाहीस?"

आईने सोललेले दाणे भांड्यात ओतले आणि सालं वेगळी केली.

"कशी बोलू?" ती म्हणाली. "त्यांच्या बोटी थांबल्या होत्या."